सार्वजनिक कीर्द आणि तिचे पंच



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी परवा सकाळी फिरायला जाताना मला गाठले आणि विचारले, "काय हो, तुम्ही आता आम्हांला ते आभासी नाणे विकत घ्यायला सांगणार की काय?" त्यांना जे उत्तर दिले तेच आरंभी येथे देऊन ठेवतो. नाणे घ्यावे की न घ्यावे याविषयी मी आज एक अक्षरही बोलणार नाही. मी उभे आयुष्य एका सहकारी बँकेच्या हिशेबतपासणीत काढले. हिशेब कोणी लिहावयाचा, कोणी तपासावयाचा, आणि तपासणाराच लबाड निघाला तर काय करावयाचे, हे तीन प्रश्न माझ्या धंद्याचे. हेच तीन प्रश्न इथेरियम नावाच्या जाळ्याने अगदी निराळ्या रीतीने सोडवले आहेत, आणि त्या रीतीत एखाद्या घरातल्या टेबलाखाली ठेवलेल्या लहानशा संगणकालाही तपासनिसाची जागा मिळू शकते. ती जागा कशी घ्यावी, घेतल्यावर काय सांभाळावे लागते आणि ठेच कोठे लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे. ठेच मलाही लागली. ती हकीगत ओघाने येईलच.

प्रथम कीर्द मनात पक्की धरू. पेढीवर दिवसाचे व्यवहार क्रमाने कीर्दीत उतरवीत आणि तेथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत नेत. कीर्दीचे पान कोणी फाडले किंवा मागाहून घुसडले तर पानांचे आकडे आणि शिल्लक जुळेनाशी होई. ब्लॉकचेन ही अशीच एक कीर्द आहे. तिचे प्रत्येक पान म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागील पानाच्या सबंध मजकुरापासून गणिताने काढलेला एक ठसा असतो. मागच्या पानातला एक काना जरी बदलला तरी ठसा बदलतो आणि तेथून पुढची सगळी पाने खोटी ठरतात. येथवर विशेष काही नाही. खरी अडचण पुढे आहे. ही कीर्द कोणा एका पेढीत नाही. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत आणि त्यांपैकी कोणीही मालक नाही. मग नवे पान लिहावयाचे कोणी? दोघांनी एकाच वेळी दोन निराळी पाने लिहिली तर खरे कोणते धरावयाचे? माझ्या खात्यात शंभर रुपये असता ते मी एकाच क्षणी पुण्याच्या व्यापाऱ्याला आणि सांगलीच्या व्यापाऱ्याला असे दोघांनाही देऊन बसलो, तर शंभर कोणाचे?

हा प्रश्न संगणकशास्त्राला जुना आहे. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या तिघांनी १९८२ साली तो वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या रूपकाने मांडला. सेनापती दूतांकरवी निरोप धाडून हल्ल्याची वेळ ठरवीत आहेत, पण त्यांच्यात काही फितूर आहेत. नुसत्या तोंडी निरोपांवर काम चालले असेल तर फितूर एक-तृतीयांशापेक्षा कमी असतील तेव्हाच उरलेल्यांचे एकमत होऊ शकते, असे त्यांनी सिद्ध केले. हा एक-तृतीयांश लक्षात ठेवावा. तो पुन्हा भेटणार आहे.

फितूर मोजायचे तर आधी माणसे मोजावी लागतात, आणि जाळ्यावर एक माणूस हजार नावे धारण करू शकतो. बिटकॉइनने २००९ साली यावर तोड काढली ती अशी, की मत नावाला द्यायचे नाही, श्रमाला द्यायचे. जो यंत्र राबवून एक अवघड कोडे सोडवील त्याने पान लिहावे. तोड नामी होती, पण त्या कोड्यांपायी वीज किती जळू लागली ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. दुसरी तोड अशी, की मत अनामतीला द्यावे. जो स्वतःचे धन जाळ्यापाशी गुंतवून ठेवील आणि लबाडी केल्यास ते गमावण्यास राजी असेल, त्याची साक्ष धरावी. आपल्या गावगाड्यातला जामीन याहून निराळा नव्हता. २०१२ साली पीअरकॉइन नावाच्या नाण्याने हा मार्ग प्रथम चोखाळला. इथेरियमचे जाळे ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले ते श्रमाच्याच पायावर; १ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या शेजारी अनामतीवर चालणारी दुसरी साखळी उभी राहिली; आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी चालत्या गाडीचे इंजिन बदलावे तसे सगळे जाळे तिच्यावर आणले गेले. त्या एका दिवसात त्याचा विजेचा खर्च नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला.

अशी अनामत ठेवून साक्ष देणाऱ्याला तेथे व्हॅलिडेटर म्हणतात. मी त्याला पंच म्हणेन, कारण तो करतो तो पंचनामाच आहे. एका पंचाची किमान अनामत ३२ इथर. नाण्याचा भाव चढउतार करतो, म्हणून रुपयांत आकडा सांगत नाही. पण मध्यमवर्गीयाने सदनिकेसाठी बाजूला काढावी अशा मापाची ती रक्कम आहे, एवढे समजून असावे.

आता पंचाचा दिनक्रम पाहू. जाळ्याचे घड्याळ बारा-बारा सेकंदांच्या घटकांनी चालते. प्रत्येक घटकेला चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे एक पंच निवडला जातो आणि तो नवे पान मांडतो. अशा बत्तीस घटकांचे एक आवर्तन, म्हणजे सहा मिनिटे चोवीस सेकंद. प्रत्येक आवर्तनात प्रत्येक पंचाने एकदा साक्ष द्यावयाची असते, की मला दिसणारे कीर्दीचे शेवटचे पान हे, आणि मी ज्या खुणेच्या पानापर्यंतची कीर्द खरी मानतो ते पान हे. एकूण अनामतीच्या दोन-तृतीयांश वजनाच्या पंचांची खुणेवर एकवाक्यता झाली, आणि पुढील आवर्तनातही ती टिकली, की ते पान कायम झाले. यास साधारण तेरा मिनिटे लागतात. कायम झालेले पान फिरवायचे तर निदान एक-तृतीयांश पंचांना उघडउघड दुटप्पी साक्ष द्यावी लागेल, आणि त्यांची अनामत जळेल. सेनापतींचा एक-तृतीयांश तो हाच.

हिशेब करून पाहा. दिवसात २२५ आवर्तने होतात, म्हणजे पंचाला दिवसाकाठी २२५ साक्षी द्याव्या लागतात. पान मांडण्याचे भाग्य मात्र क्वचित लाभते. दिवसाला ७,२०० घटका आणि सुमारे दहा लाख पंच, तेव्हा सरासरीने साडेचार महिन्यांतून एकदा. पण दहा लाख हा आकडा ऐकून दहा लाख माणसे डोळ्यांपुढे आणू नयेत. पंच म्हणजे ३२ इथर आणि एक किल्ली. एकाच यंत्रावर शेकडो पंच बसू शकतात, आणि मोठ्या व्यापारी संस्था ते बसवतातही. या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

माझा या विषयाशी संबंध आला तो माझ्या भाच्यामुळे. तो परदेशी असतो आणि पूर्वीच्या वर्षांत थोडे थोडे करून त्याने इथर साठवले होते. गतसाली त्याने मला विचारले, "मामा, यंत्र तुमच्याकडे पुण्यात ठेवू का? तुम्ही घरी असता, आणि तुमच्याइतके नियमित मला कोणी माहीत नाही." मी म्हटले, अरे, एवढी रक्कम माझ्या हाती देतोस, उद्या माझी बुद्धी फिरली तर? त्यावर तो हसला आणि म्हणाला, "मामा, ते तुम्हांला जमणारच नाही." हे उत्तर मला तेव्हा फटकळ वाटले; पण त्यातच या रचनेचे मर्म आहे.

पंचाला दोन किल्ल्या असतात. एक साक्षीची. ती यंत्रात राहते आणि प्रत्येक साक्षीवर सही करते. दुसरी परतीची. अनामत व तिच्यावरील मिळकत कोणत्या पत्त्यावर परत जावयाची, ते ती ठरवते. पत्ता एकदा नेमून दिला की तो बदलता येत नाही. म्हणून तो तीनदा वाचावा. मूळ अनामत व साक्षीचा मोबदला यांपैकी एक कपर्दिकही साक्षीच्या किल्लीने काढता येत नाही. अर्थात मी गैरवर्तन करून भाच्याचे नुकसान करू शकतो, पण स्वतःचा फायदा करू शकत नाही. आमच्या बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, तरी एवढी चोख वाटणी आम्हांला कधी साधली नव्हती. एक फट आहे, तीही सांगून टाकतो. पान मांडताना ग्राहकांकडून मिळणारी बक्षिशी कोणत्या पत्त्यावर जावी, हे यंत्रातल्या एका साध्या ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ यंत्र सांभाळणारा बदलू शकतो. मामाला लबाडीला जागा आहे ती एवढीच.

या दोन्ही किल्ल्या चोवीस शब्दांच्या एका क्रमातून उपजतात. ते शब्द जाळ्याला न जोडलेल्या संगणकावर काढावे, कागदावर किंवा धातूच्या पत्र्यावर उतरवावे, आणि त्यांचे छायाचित्र कधीही घेऊ नये. फोनमधील छायाचित्र आपल्या नकळत कोठकोठे जाऊन बसते, याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. ज्याच्या हाती हे शब्द, त्याचे सर्वस्व. भाच्याने ते मला दिलेच नाहीत. फक्त साक्षीच्या किल्लीची बंद फाईल व तिचा परवलीचा शब्द, एवढेच धाडले.

आता यंत्राविषयी. मला वाटले होते, जुना संगणक चालेल. चालला नाही. माझी पहिली चूक स्वस्त डिस्कची. जाळ्याची सगळी खाती म्हणजे कोट्यवधी नोंदींचा साठा, आणि दर बारा सेकंदांना त्यात हजारो ठिकाणी वाचावे-लिहावे लागते. स्वस्त डिस्क पुष्कळ माल साठवते, पण वेगाने हात चालवीत नाही. माझे यंत्र चार दिवस धावूनही जाळ्याला गाठू शकले नाही. जितके पुढे जाई तितके जाळेही पुढे गेलेले असे. शेवटी चांगल्या प्रतीची वेगवान एनव्हीएमई डिस्क घेतली तेव्हा तेच काम एका रात्रीत झाले. आजमितीस निदान दोन टेराबाइटची डिस्क लागते. चारची घेतली तर पुढील काही वर्षे पाहावे लागत नाही. स्मृती ३२ गिगाबाइट असावी. बाकी प्रोसेसर साधाच चालतो, आणि वीज एखाद्या दिव्याइतकी लागते.

यंत्रावर लिनक्स बसवून दोन प्रोग्राम चालवावे लागतात. पहिल्याला मी कारभारी म्हणतो. तो व्यवहार तपासतो आणि खतावणी राखतो. गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ ही या जातीची नावे. दुसरा चावडीवरचा. तो इतर पंचांशी बोलतो, साक्षी गोळा करतो आणि खरे पान कोणते ते ठरवतो. लाइटहाऊस, प्रिझम, टेकू, निंबस, लोडस्टार हे त्या जातीचे. हे सगळे प्रोग्राम फुकट मिळतात. साक्षीची किल्ली बाळगून सही करणारा तिसरा लहान प्रोग्राम बहुधा चावडीवाल्याबरोबरच येतो. कारभारी व चावडीवाला एकमेकांशी ८५५१ क्रमांकाच्या दारातून बोलतात आणि ओळख पटावी म्हणून दोघांपाशी एकच गुप्त फाईल ठेवलेली असते. दोघांना दोन निराळ्या फाइली दिल्या तर एकही दुसऱ्याचे ऐकत नाही. नवशिक्याचा पहिला दिवस बहुधा यातच जातो. हे दार बाहेरच्या जगाला कधीही उघडे ठेवू नये. उघडी ठेवावयाची ती दोन, बहुतेक प्रोग्रामांत ३०३०३ आणि ९००० ही, जेथून इतर यंत्रे भेटीस येतात. आपल्याकडे पुष्कळ इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून येणारा पाहुणा दारापर्यंत पोहोचतच नाही. यंत्र स्वतःहून बाहेर जाऊन शेजारी जोडते आणि काम चालते. पण स्वतंत्र पत्ता मागून घेता आला तर बरे. महिन्याची वाहतूकही टेराबाइटच्या मापाने होते, तेव्हा कराराच्या बारीक अक्षरांतली मर्यादा आधी वाचावी.

चावडीवाल्याला २०२० पासूनची प्रत्येक साक्ष पुन्हा तपासत बसायला सांगितले तर फार दिवस जातील. म्हणून एक सोय आहे. कोणा विश्वासू ठिकाणाहून अलीकडचे कायम झालेले पान घ्यावयाचे आणि तेथून पुढे चालू लागावयाचे. आम्ही नव्या शाखेची तपासणी हाती घेताना मागील सालचा प्रमाणित ताळेबंद आरंभीची शिल्लक म्हणून धरीत असू, त्यातलाच हा प्रकार. आणि तेथे जी खबरदारी तीच येथेही घ्यावी. मिळालेल्या पानाचा ठसा दुसऱ्या एक-दोन स्वतंत्र ठिकाणांच्या ठशाशी ताडून पाहावा. यास मिनिटभर लागतो, आणि पुष्कळ लोक तो मिनिट वाचवतात.

घड्याळाविषयी दोन शब्द अधिक सांगतो, कारण ते सर्वांना क्षुल्लक वाटते. बारा सेकंदांच्या घटकेत साक्ष निघावी ती पहिल्या चार सेकंदांच्या सुमारास. यंत्राचे घड्याळ दोन-तीन सेकंद पुढेमागे असेल तर साक्ष अवेळी पडते. जाळ्यावरील प्रमाणवेळेशी घड्याळ सतत जुळवून घेणारी सेवा लिनक्समध्ये असते. ती चालू आहे याची स्वतः खात्री करावी. ऑगस्ट २०२० मध्ये मेडाला नावाच्या सराव-जाळ्यावर काय झाले पाहा. प्रिझम हा प्रोग्राम सहा ठिकाणांहून वेळ विचारून तिची सरासरी घेत असे. त्यांपैकी एकाने चोवीस तास पुढची वेळ सांगितली. सरासरी चार तास पुढे सरकली आणि त्या प्रोग्रामवर बसलेले पंच भविष्यकाळातल्या साक्षी देऊ लागले. पुष्कळांच्या हाती तो एकच प्रोग्राम असल्यामुळे सबंध जाळे कित्येक दिवस खिळखिळे झाले. सरावाचे जाळे, म्हणून खरे धन बुडाले नाही.

सराव हा शब्द आला तेव्हा माझी हकीगत सांगतो. भाच्याची अट होती, की आधी तीन महिने सरावाच्या जाळ्यावर काढावयाचे. मार्च २०२५ मध्ये हूडी नावाचे एक सराव-जाळे उघडले गेले. तेथील नाण्याला मोल नाही, नियम मात्र खऱ्याचेच. मी तेथे पंच बसवला. दोन महिने सुरळीत गेले. पुढे पावसाळ्यात एका संध्याकाळी विजेचा झटका आला आणि यंत्राचा पॉवर सप्लाय जळाला. मला वाटले, आता दर मिनिटाला दंड होत असणार! घाईघाईने मी किल्लीची फाईल दुसऱ्या संगणकावर चढवली आणि साक्ष पूर्ववत सुरू केली. स्वतःच्या तत्परतेचे मला कौतुकही वाटले. दोन दिवसांनी कारागिराने यंत्र दुरुस्त करून आणून दिले. चालते की नाही ते पाहावे म्हणून मी कळ दाबली, आणि सुरू झाले म्हणून चहाला उठलो. विसरलो ते हे, की यंत्र सुरू होताच सर्व प्रोग्राम आपोआप चालू व्हावेत अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती, आणि किल्ली त्याच्याही डिस्कवर होतीच.

दोन दिवसांचे राहिलेले वाचन पुरे करायला त्याला दोन-तीन तास लागले. नंतर माझी दोन यंत्रे एकाच पंचाच्या नावाने बोलू लागली. काही वेळ दोघांची साक्ष शब्दशः एकच होती, आणि एकच साक्ष दोनदा सांगणे हा गुन्हा नव्हे. पण एका घटकेस एक पान जाळ्यावरून किंचित उशिरा आले. एका यंत्राला ते वेळेत दिसले, दुसऱ्याला नाही. दोन निरनिराळ्या साक्षी माझ्या सहीने बाहेर पडल्या. ही दुटप्पी साक्ष. कोणा तिसऱ्याच पंचाने ती दोन कागदे जोडीने पुढे ठेवली, आणि माझा पंच बडतर्फ झाला. कोणी विचारले नाही, कोणी खुलासा मागितला नाही. नंतर सुमारे छत्तीस दिवस उरलेली अनामत अडकून राहते आणि दंड चालूच राहतो. ते छत्तीस दिवस मी रोज तो आकडा पाहत होतो. नाणी खोटी होती तरी मान खाली गेली ती गेलीच.

यात दोन गोष्टी मला आधी माहीत असावयास हव्या होत्या. पहिली, यंत्र बंद पडणे हा गुन्हाच नाही. जाळे एरवी ठीक चालू असता पंच गैरहजर राहिला तर त्या वेळात जेवढे मिळाले असते साधारण तेवढेच जाते. पाच तास वीज गेली, तर पुढच्या पाच-सहा तासांच्या हजेरीत भरून निघते. वीज जाण्याच्या भीतीने दुसरे यंत्र तयार ठेवणाऱ्यांनीच बहुधा स्वतःवर संकट ओढवून घेतले आहे; मोठ्या व्यावसायिक संस्थांचे पंच बडतर्फ झाले तेही पुष्कळदा याच कारणाने. दुसरी, किल्ली हलवावयाचीच असेल तर आधी जुन्या डिस्कवरून ती पुसावी, आजवरच्या साक्षींची नोंदवही नव्या यंत्रावर न्यावी, निदान दोन-तीन आवर्तने गप्प बसावे, आणि मगच तोंड उघडावे. आपल्याच नावाने दुसरा कोणी बोलत आहे काय, हे सुरुवातीला ऐकून घेणारी सोय काही प्रोग्रामांत असते. ती मी चालू केली नव्हती.

दंडाचे प्रमाण कसे ठरते, त्यात या रचनेचे शहाणपण आहे असे माझे मत आहे. एकटादुकटा चुकला तर दंड लहान. मे २०२५ मधील फेरबदलानंतर तात्काळ कापली जाणारी रक्कम अनामतीच्या ४,०९६ व्या हिश्शावर आली आहे. पूर्वी ती बत्तिसावा हिस्सा होती. पण त्याच सुमारास आणखी किती जण त्याच गुन्ह्यात सापडले ते नंतर पाहिले जाते, आणि त्या संख्येच्या तिप्पट प्रमाणात पुढील दंड बसतो. एकूण अनामतीचा एक-तृतीयांश एकाच वेळी दोषी ठरला, तर त्या सर्वांचे सर्वस्व जाते. म्हणजे चुकीला थोडकी शिक्षा आणि कटाला पुरी. बँकेत आम्ही नेमके उलटे पाहिले. एकटा कारकून चार रुपयांना निलंबित होई, आणि सर्वांनी मिळून केलेले सर्वांच्या सोयीने मिटत असे.

यातूनच प्रोग्राम कोणता निवडावा हा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते आजच्या विषयातला हाच खरा जीवनमरणाचा प्रश्न आहे. समजा, दोन-तृतीयांशांहून अधिक पंच एकाच प्रोग्रामवर आहेत आणि त्यात हिशेबाची एक चूक आहे. मग ते सर्व एकमताने चुकीचे पान कायम करतील, आणि मागे फिरू पाहतील तर दुटप्पी ठरतील. मे २०२३ मध्ये दोन दिवस लागोपाठ काही काळ इथेरियमची पाने कायम होणे थांबले होते. जुन्या खुणांच्या साक्षींचा भार प्रिझम आणि टेकू या दोन प्रोग्रामांना सोसला नाही. इतर प्रोग्रामवाले पंच उभे होते म्हणून पाने निघत राहिली आणि गाडी लवकरच रुळावर आली. जानेवारी २०२४ मध्ये आधी बेसूत व नंतर नेदरमाइंडमध्ये दोष निघाले आणि त्यांवरील पंच थबकले. पण ते थोडे होते, जाळ्याला कळलेही नाही. त्या वेळी बहुसंख्य पंचांचा कारभारी गेथ होता. दोष त्याच्यात निघाला असता तर? पुष्कळांनी हा प्रश्न तेव्हा प्रथमच स्वतःला विचारला आणि प्रोग्राम बदलले. म्हणून मी भाच्याला सांगितले, सर्वांत लोकप्रिय असेल ते आपल्याला नको. आमच्या यंत्रावर नेदरमाइंड आणि निंबस आहेत.

हीच गोष्ट संस्थांची. ज्याच्याजवळ ३२ इथर नाहीत किंवा यंत्राची कटकट नको, तो आपले थोडे धन एखाद्या संस्थेकडे देतो आणि ती त्याच्या वतीने पंच बसवते. सोय मोठी आहे. पण २०२३ साली लिडो या एकाच व्यवस्थेमार्फत ठेवलेला भाग एकूण अनामतीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ पोहोचला होता. नंतर तो उतरला. सेनापतींचा तो एक-तृतीयांश पुन्हा आठवावा. मिळकत सुमारे तीन टक्के, आणि एकूण अनामत जसजशी वाढते तसतशी ती घटते. तीन टक्क्यांसाठी टेबलाखाली यंत्र ठेवून पहारा करणारा माणूस व्यापारी हिशेबाने वेडाच म्हणावा लागेल. परंतु असे वेडे पुरेसे नसतील तर ही सार्वजनिक कीर्द चार-दोन वखारींत जाऊन बसेल. मग बँकेनेच काय घोडे मारले होते, हे मला कोणी सांगावे. आपल्या सरकारने तर १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के कर बसवला, तोही हिशेबात धरावयास हवा.

सराव पुरा झाल्यावर भाच्याने खरी अनामत भरली. ती एका ठरावीक पत्त्यावर भरावयाची असते. तो पत्ता आठ शून्यांनी सुरू होतो एवढ्यावर विसंबू नये. दोन-तीन अधिकृत ठिकाणांशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहावा, कारण त्याची नक्कल करून लुटणारे टपलेले असतात. त्यानंतर रांग असते. आम्ही काही आठवडे रांगेत होतो. एका पहाटे पडद्यावर पहिली साक्ष नोंदलेली दिसली आणि मी तिकडे फोन लावला. तेव्हा तेथे मध्यरात्र होती. तो रागावला नाही.

बाहेर पडण्याची रीत सांगून पुरे करतो. पंचाला केव्हाही निवृत्ती मागता येते, पण तीही रांगेतून मिळते, कारण सगळे एकदम निघून गेले तर कीर्द अनाथ होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रांग चाळीस दिवसांच्या वर गेली होती. निवृत्तीचा अर्ज दिला म्हणजे यंत्र बंद करावयास हरकत नाही असे पुष्कळांना वाटते, आणि ते त्याच संध्याकाळी बंद करतात. रांगेत आपली पाळी येईपर्यंत साक्ष देण्याचे कर्तव्य चालूच असते आणि गैरहजेरीचा दंडही. पाळी आल्यानंतर आणखी निदान सत्तावीस तास अनामत तेथेच राहते. पुढे आठ-दहा दिवसांत एकदा फिरणारी वसुलीची फेरी त्या पंचापाशी आली, की रक्कम नेमलेल्या पत्त्यावर जाते. किल्ली डिस्कवरून पुसावयाची ती त्यानंतर.